पाहुण्यांचा लाल दोरा

माझ्या वडिलांना बाजारात कोणी नावाने हाक मारत नसे. ते सगळ्यांचे तेलमामा. हातात कायम तेलाची पिचकारी, आणि शर्टाच्या खिशाखाली तेलाचा एक डाग. आईने तो जन्मभर घासला आणि तो जन्मभर तिथेच राहिला. आई म्हणायची, "मी या माणसाशी नाही, एका डागाशी लग्न केलं." बाबा यावर हसायचे आणि पुन्हा त्याच खिशात पिचकारी ठेवायचे.

दुकान जुन्या शिलाई मशीनचं. एकच खोली, पुढे तीन पायऱ्या, आत शिरलं की मधून जायला एक माणूस मावेल एवढी वाट आणि दोन्ही बाजूंना मशीनच मशीन. त्यातली काही बाबांनी विकत घेतलेली असत. बाकीची लोकांनी विकायला ठेवलेली. कोणाचे हात चालेनासे झाले, कोणी गाव सोडून निघालं, कोणाच्या घरात शिवणारं माणूसच उरलं नाही, की मशीन बाबांकडे यायचं. गिऱ्हाईक मिळालं की बाबा आपलं कमिशन ठेवून बाकीचे पैसे मालकाला द्यायचे. अशा मशीनला ते माल म्हणत नसत. पाहुणे म्हणत. पाहुण्यांच्या चाकाला लाल दोरा बांधलेला असायचा, तीन वेढे आणि वर बाबांची स्वतःची एक गाठ. ती गाठ दुकानात दुसऱ्या कोणालाच जमत नसे. सकाळी तेल घालायचं ते आधी पाहुण्यांना, मग घरच्यांना. मशीन विकलं गेलं की मालकाला बोलावून त्याच्यासमोर कात्रीने दोरा कापायचे आणि पैशांबरोबर तो तुकडाही त्याच्या हातावर ठेवायचे. "पाहुणे सुखरूप पोचले," म्हणायचे. लोक तो तुकडा जपून ठेवत की पायरीवरच टाकून जात, कोणास ठाऊक. बाबांनी द्यायचं सोडलं नाही.

सात-आठ वर्षांची असताना मी एकदा एका पाहुण्याचं चाक गरागरा फिरवलं होतं. बाबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं, ते तेव्हा. "घरच्या मशीनवर नाच हवं तर. याला लाल दोरा दिसत नाही का तुला?" मी हे मुद्दाम सांगते आहे. लाल दोऱ्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता असं पुढे मी एका ठिकाणी शपथेवर सांगितलं, म्हणून.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मी एक बॅग घेऊन परत आले. कारणं सांगत बसत नाही. सांगून सांगून त्यांची चव गेली आहे. तोवर आई गेली होती. बाबा म्हणाले, घरी ये. पण माझ्या नाकावर राग. मी दोन रस्ते पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर एक खोली भाड्याने घेतली आणि तिसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हटलं, "मला एक मशीन द्या. मी कोणाच्या जिवावर खाणार नाही."

बाबांनी घरचं एक काळं, सरळ टाक्याचं मशीन पुढे ओढलं. मी म्हटलं, "यावर काय उशांचे अभ्रे शिवू? पडदेवाल्याकडे काम आहे, त्याला झिगझॅग लागतं." आणि कोपऱ्यातल्या हिरव्या मशीनकडे बोट दाखवलं. "ते द्या."

"ते पाहुणे आहेत," बाबा म्हणाले.

"मग सांभाळा पाहुण्यांनाच. जन्मभर तेच केलंत."

एवढं बोलून मी पायऱ्या उतरले. बाबा पिचकारी हातात धरून तसेच उभे होते, हे मी वळून पाहिलं होतं. तरी मागे गेले नाही.

चार दिवसांनी हिरवं मशीन टेम्पोतून माझ्या खोलीवर आलं. बाबा धापा टाकत स्वतः वर आले, मशीन खिडकीपाशी लावलं, पट्टा ताणून दिला, एका चिंधीवर टाका मारून दाखवला. चाकावर दोरा नव्हता. विकत घेतलंत का, असं विचारायला तोंड उघडलं असतं तर एका श्वासाचं काम होतं. मी विचारलं नाही. जाताना ते म्हणाले, "चालव आता. दोन-तीन महिन्यांत करतो काहीतरी." काय करणार, हेही विचारलं नाही.

महिन्याभराने तेल घालायला मी मशीन आडवं केलं. पोटाखालच्या लोखंडी दांडीला लाल दोरा बांधलेला होता. तीन वेढे आणि वर ती गाठ. मी तेल घातलं, मशीन सरळ केलं आणि पडद्यांच्या कडा शिवायला बसले. त्या दिवशी अकरा पडदे झाले. लक्षात आहे, कारण इतकं काम मी त्याआधी एका दिवसात कधी केलं नव्हतं.

ते मशीन होतं काजकाकूंचं. हे नाव बाजाराचंच. त्यांचा नवरा शिंपी, आणि त्याच्या कपड्यांची काजं काकू हाताने करायच्या, चाळीस वर्षं. नवरा गेला, पुढे डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन लवकर करा, नजर गेली की परत येत नाही. म्हणून त्यांनी नवऱ्याचं मशीन बाबांकडे विकायला ठेवलं. दर शनिवारी दुपारी त्या दुकानाच्या पायऱ्या चढायच्या आणि विचारायच्या, "मामा, गिऱ्हाईक आलं का?" बाबा म्हणायचे, "अजून नाही, काकू." सुरुवातीचे महिने ते खरं होतं. नंतरचे अकरा महिने नव्हतं. मशीन कुठे आहे म्हटलं तर मागे झाकून ठेवलंय म्हणायचे, आणि काकू मान डोलवायच्या. तेलमामांवर अविश्वास दाखवायचा असतो हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

बाबांच्या मनात बुडवायचं नव्हतं, असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. घरची दोन मशीन विकून काकूंचे पैसे द्यायचे असा त्यांचा हिशेब. पण लोक नवीन मशीन घेऊ लागले होते; जुन्याला हात लावून बघत आणि पुढे जात. मला दोनदा चांगले पैसे मिळाले, तेव्हा मी बाबांना म्हटलं, "मशीनचे किती द्यायचे?" ते म्हणाले, "राहू दे." आणि मी लगेच राहू दिलं. पण मनात काय होतं त्याने काकूंच्या डोळ्यांना काय फरक पडला? काही नाही. त्या दर शनिवारी थोडं कमी बघत होत्या, आणि बाबांना ते समोर दिसत होतं. पहिल्यांदा त्या पायऱ्या तशाच चढायच्या. मग भिंतीला हात लावून. मग आधी पायाने पायरी चाचपून.

एका गुरुवारी त्या माझ्या जिन्यात आल्या. मी कोणाची मुलगी हे त्यांना माहीत नव्हतं. शेजारणीने सांगितलं होतं, वर एक बाई पडद्यांच्या कडा छान मारते, म्हणून पडदा घेऊन आल्या होत्या. मी शिवत होते. त्या दारातच थांबल्या. मला वाटलं दम लागला असेल. "या ना," म्हटलं. त्या आल्या नाहीत. मान तिरकी करून नुसत्या ऐकत राहिल्या.

"टाका टाकताना मध्येच टिक होतंय ना?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी आत पितळेचा खिळा बसवला होता. स्क्रू मिळेना म्हणून. तेव्हापासून टिक व्हायचं."

मी पाय थांबवला. त्या चाचपत आत आल्या आणि चाकावर हात ठेवला. हिरवा रंग जिथे घासून गेला होता तिथे अंगठा बरोबर बसला. आणि त्यांचा चेहरा उजळला. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्ही घेतलंत होय! बरं झालं बाई, शिवणाऱ्या हातात गेलं. मामा बोलले नाहीत मला. शनिवारी सांगणार असतील. कधी घेतलंत?"

मला खोटं सुचलं नाही. सुचायला हवं होतं की नको होतं, ते आजही कळत नाही. "वर्ष होत आलं," मी म्हटलं. "वडिलांनी दिलं. तेलमामांनी."

त्यांचा हात चाकावरून निघाला. पडद्याची घडी त्यांनी पुन्हा पिशवीत घातली, दोनदा चुकून पिशवीच्या बाहेरच ठेवली. मी पिशवी धरायला पुढे झाले तर म्हणाल्या, "नको, जमतं मला." जिना उतरतानाची त्यांची पावलं मी मोजली नाहीत, पण ती संपता संपेनात.

संध्याकाळी मी दुकानाशी गेले. बाबा आत पाहुण्यांना फडक्याने पुसत होते, गुणगुणत होते. मी रस्त्यावरूनच परतले. शुक्रवारी म्हटलं, उद्या. शनिवारी पडदेवाल्याची घाई होती. म्हटलं, सोमवारी निवांत सांगते.

शनिवारी दुपारी काकू नेहमीसारख्या पायऱ्या चढल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, "मामा, गिऱ्हाईक आलं का?"

"अजून नाही, काकू," बाबा म्हणाले.

काकू थोडा वेळ उभ्या राहिल्या. पुढे त्यांनीच हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी त्यांना संधी देत होते. 'काकू, चुकलं' एवढं म्हटलं असतं तरी मी घरी गेले असते." त्या घरी गेल्या नाहीत. रस्त्यात एकेकाला विचारत पोलीस चौकीवर गेल्या.

मशीन न्यायला पोलीस माझ्याकडे आले. एकाने ते आडवं केलं आणि खालचा दोरा बघितला. "हे काय?" मी म्हटलं, "माहीत नाही." त्यांनी दोरा तसाच ठेवून त्यावर कागद चिकटवला. तक्रारीत लिहिलं होतं, विश्वासाने सोपवलेल्या मालाचा अपहार. अपहार हा शब्द मी आजवर फक्त पेपरात वाचलेला, मोठमोठ्या लोकांच्या नावापुढे. बाबांच्या नावापुढे तो उसन्या कोटासारखा दिसत होता.

वकीलसाहेब भले होते. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "मामा, कागद कुठलाच नाही. तुमचाही नाही, बाईंचाही नाही. सगळा खेळ एका शब्दाचा आहे. तुम्ही म्हणालात, 'मी मशीन विकत घेतलं, पैसे द्यायचे राहिले', तर ही झाली उधारी. बाई वसुलीचा दावा लावतील, तुम्ही हप्त्याने द्याल. उधारी राहिली म्हणून तुम्हाला तुरुंगात घालत नाहीत. पण तुम्ही म्हणालात, 'विकायला ठेवलं होतं', तर मशीन शेवटपर्यंत बाईंचं आणि तुम्ही ते परस्पर देऊन टाकलंत. मग मी हात वर केले."

"आणि दोरा?" मी विचारलं.

"जुना दोरा, काढायचा राहून गेला. त्यात काय?"

बाबा म्हणाले, "बरं."

घरी मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. ते खुर्चीवर, मी समोर. "बोला." "विकत घेतलं होतं." "पुढे?" "पैसे द्यायचे राहिले." पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे म्हणायचे, मान खाली घालून. मध्येच एकदा म्हणाले, "विकत घेतलं असतं तर दोरा कापला असता गं मी." मी चिडले. "तुमचा दोरा गेला खड्ड्यात! आत जायचंय का तुम्हाला या वयात?" मग ते आपण होऊन पुन्हा म्हणाले, "विकत घेतलं होतं. पैसे द्यायचे राहिले." कितीदा तरी म्हणाले.

कोर्टात आधी काकूंची साक्ष झाली. त्या कठड्यापर्यंत कोणाचा तरी हात धरून आल्या. डावा डोळा तोवर पूर्ण गेला होता. त्यांनी बाबांना एकही वाईट शब्द लावला नाही. एवढंच म्हणाल्या, "मी ठेवलं होतं त्यांच्याकडे."

मग मला विचारलं, मशीनखाली दोरा होता हे तुम्हाला माहीत होतं का? मी शपथ घेतली होती. "नाही," मी म्हटलं. लाल दोऱ्याचा अर्थ माहीत आहे का? "नाही." तेलमामांच्या दुकानात वाढलेली मी. समोर बाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. आपलं मूल चारचौघांत काही भलतं करत असलं की आईबाप जसे दुसरीकडे बघतात ना, तसे.

शेवटी न्यायाधीशांनी बाबांना विचारलं, मशीन तुमच्याकडे कसं आलं?

"विकत..." बाबा म्हणाले आणि थांबले. वकीलसाहेबांनी कागदावरून मान वर केली. काकू बाकावर बसल्या होत्या, मान तिरकी करून. माझ्या दारात मशीनचा आवाज ऐकत उभ्या होत्या अगदी तशा.

"विकायला ठेवलं होतं, साहेब," बाबा म्हणाले. "माझं नव्हतं ते. मी न विचारता दिलं."

"खालचा दोरा तुम्ही बांधलात?"

"हो. चाकावरचा सोडून खाली बांधला. मुलीला दिसू नये म्हणून."

"कापून का टाकला नाही?"

बाबांना तो प्रश्नच कळला नसावा. ते म्हणाले, "गिऱ्हाईक आलं नव्हतं ना, साहेब."

अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वकीलसाहेब फाईल बांधता बांधता मला म्हणाले, "त्या दोऱ्यानेच गळा आवळला. लपवून बांधला, म्हणजे जाणूनबुजून केलं." मला त्यांचाही राग आला, काकूंचाही आला, बाबांचा तर आलाच. स्वतःचा यायला फार दिवस लागले. तो आला, तो अजून गेलेला नाही. मुलीला दिसू नये म्हणून, असं ते म्हणाले होते. आणि मी तो महिन्याभरातच बघितला होता.

मी भेटायला जायचे तेव्हा ते दुकानाची चौकशी करायचे. पाहुण्यांना परत पाठवलंस ना? मी प्रत्येकाला निरोप पाठवून मशीन परत दिली होती. काही जण दुकानात येऊन घेऊन गेले, माझ्याकडे न बघता. घरची पाच-सहा राहिली, त्यांच्यावर मी कपड्यांच्या दुरुस्तीची कामं करत दुकान उघडं ठेवलं.

बाबा सुटून आले ते अर्धे होऊन. दुकानात यायचे, मागे स्टुलावर बसायचे. पण कशालाही हात लावत नसत. पिचकारी खुंटीवर टांगलेली होती, ती त्यांनी काढली नाही. एकदा मी पायरीवर चढत होते, म्हटलं, "बाबा, जरा ही पिशवी धरा, चप्पल तुटलीय." त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "मला नको देऊस. खाली ठेव." मला वाटलं पाठ दुखत असेल. मग शेजारचा चष्मेवाला पाच मिनिटांसाठी दुकानाची किल्ली ठेवायला आला, तेव्हाही त्यांनी हात मागे घेतले. तेव्हा कळलं. कोणाची एक किल्ली हातात घ्यायला माझा बाप घाबरत होता.

आणि मग एका सकाळी दुकानापुढे टेम्पो थांबला. त्यातून हिरवं मशीन उतरलं, कोर्टाच्या चिकटवलेल्या कागदासकट. मागोमाग काकू. टेम्पोवाल्याने त्यांना पायरीशी आणून सोडलं.

"मामा आहेत का?"

बाबा स्टुलावरून उठले. एवढ्या दिवसांत मी त्यांना इतक्या पटकन उठताना पाहिलं नव्हतं. "आहे, काकू."

"भंगारवाले वजनावर मागतात हो. दुसऱ्या डोळ्याचं आता करायलाच हवं म्हणतात. गिऱ्हाईक बघा तुम्ही."

बाबांचे हात मागे गेले. "माझ्याकडे काही ठेवू नका, काकू. तुम्हाला माहीत नाही का मी कोण झालोय ते?"

"मला माहीत नसायला काय झालं? मीच केलं ना तक्रार करून." त्या पायरीवर बसल्या. "अकरा महिने खोटं बोललात माझ्याशी. डोळा गेला माझा. तुम्हाला मी माफबिफ केलेलं नाही, सांगून ठेवते. पण मला दुसरं दुकान ठाऊक नाही. कुणाकडे जाऊ मी, एवढं सांगा."

बाबा रडले. कोर्टात नाही, तुरुंगात मी भेटायला गेले तेव्हा नाही, तिथे दारात उभे राहून रडले, तोंडावर हात न घेता, कारण हात मागेच होते. काकू त्यांच्याकडे बघत होत्या की नुसत्या त्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या, मला कळलं नाही.

बऱ्याच वेळाने बाबा मला म्हणाले, "तू घे ते. पावती लिहून दे. आणि मशीन पुढे ठेव, रस्त्यावरून दिसेल असं."

मी टेम्पोवाल्याच्या मदतीने मशीन आत घेतलं, दाराशीच. पावती लिहिली आणि काकूंना मोठ्याने वाचून दाखवली. मग खणातून लाल दोरा काढला. खालचा जुना दोरा कोर्टाने काढून फाईलला लावला होता. मी चाकाला तीन वेढे दिले आणि वर गाठ मारायला गेले. ती जमेना. मी कात्री, दोरा सगळं बाबांच्या पुढे धरलं. "तुम्ही बांधा."

त्यांनी मान हलवली. मग मी माझ्या परीने साधीच गाठ मारली. काकूंनी हात पुढे करून ती चाचपली. बाबा दोन पावलं पुढे आले, वाकले आणि हात मागेच ठेवून त्यांनी गाठीकडे निरखून पाहिलं.

"सैल आहे," ते म्हणाले. "सोड. परत बांध."

मी सोडली आणि परत बांधली.